विश्लेषण : डभोईत सुटलेल्या एका गोळीने उमाबाई दाभाडेंचे आयुष्य कसे बदलले? ठासणीची बंदूक नेमकी कशी चालायची?

तळेगाव-चाकण रस्त्यावरून जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी लागते. वीकेंडला कुंडमळ्याकडे वळणाऱ्या अनेकांना गावातली गढी माहीत नसते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी १७२०-२१ च्या सुमारास बांधलेला हा भुईकोट. दरवाजा, बुरूज आणि तटाचा काही भाग आजही उभा आहे. आत कडजाई देवीचे मंदिर आहे. गढी बांधली गेली तेव्हा दाभाडे घराणे मराठी राज्यातल्या सर्वांत बलाढ्य घराण्यांपैकी एक होते. दहा वर्षांनी गुजरातमध्ये डभोईजवळ एक गोळी सुटली आणि घराण्याचे दिवस फिरले. ती गोळी लागली खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव यांना. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे निभावून नेली त्यांच्या आई उमाबाई यांनी. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतिपदाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारी स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

ती गोळी झाडली कोणी, याचे उत्तर इतिहासात एकसारखे मिळत नाही. त्यामागचे एक कारण त्या काळच्या बंदुकीतच दडलेले आहे.

उमाबाई कोण होत्या?

उमाबाई मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या अभोण्याच्या. ठोके-देशमुख हे त्यांचे माहेर. अभोण्यापासून सप्तशृंगीचा डोंगर जवळच. देवीच्या दर्शनासाठी चढायची वाट अवघड होती, तिथे १७१० च्या सुमारास उमाबाईंनी दगडी पायऱ्या बांधून घेतल्या. या पायऱ्यांची संख्या पावणेपाचशेच्या घरात सांगितली जाते. म्हणजे सेनापतीची पत्नी होण्याच्याही आधी, माहेरच्या देवीसाठी एवढे काम करून घेण्याची ऐपत आणि धमक त्यांच्यात होती.

पती खंडेराव तळेगावचे. त्यांचे वडील येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. छत्रपती शाहूंनी जानेवारी १७१७ मध्ये खंडेरावांना सेनापतिपद दिले. बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीला गेलेल्या मोहिमेत ते होते. गुजरातमध्ये मराठ्यांचा जम बसवला तो प्रामुख्याने त्यांनी. बडोद्याच्या गायकवाडांचे मूळपुरुष दमाजी आणि नंतर पिलाजी हे दाभाड्यांच्याच हाताखालचे सरदार. पुढच्या गोष्टीत हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो.

उमाबाई आणि खंडेरावांना त्र्यंबकराव, यशवंतराव आणि सवाई बाबुराव हे तीन मुलगे आणि तीन मुली. सप्टेंबर १७२९ मध्ये खंडेराव वारले. जानेवारी १७३० मध्ये सेनापतिपद थोरल्या त्र्यंबकरावांकडे आले.

मग वाद कशावरून पेटला?

गुजरातच्या चौथाईवरून. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच प्रदेशाच्या महसुलावर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दावा सांगितला. गुजरात ही दाभाड्यांची जहागीर, असे त्र्यंबकराव मानत. तिकडे पेशवे बाजीराव यांनी गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याशी बोलणी करून चौथाईचा करार पदरात पाडून घेतला. सेनापती हा पेशव्याचा नोकर नव्हे, दोघेही छत्रपतींचे. त्यामुळे त्र्यंबकरावांना हे अतिक्रमण वाटले, आणि तसे वाटण्यात चूकही नव्हती. चूक झाली ती पुढे. पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावांकडून मात खाल्लेल्या निजामाशी त्यांनी हातमिळवणी केली.

बाजीरावांनी दोन्ही फौजा एकत्र येण्याची वाट पाहिली नाही. १ एप्रिल १७३१ रोजी बडोद्याच्या आग्नेयेला असलेल्या डभोईजवळ, भिलापूरच्या परिसरात त्यांनी दाभाड्यांना गाठले. दाभाड्यांचे सैन्य मोठे होते, पण त्यात नवी भरती बरीच होती. पहिल्याच रेट्यात ही माणसे पळाली. त्र्यंबकराव मात्र हटले नाहीत. हत्ती मागे फिरू नये म्हणून त्यांनी त्याच्या पायात साखळदंड घालायला लावले होते, असे ग्रँट डफच्या इतिहासात आहे. अंबारीतून ते धनुष्यबाण चालवत राहिले. तशातच त्यांना गोळी लागली आणि लढाई तिथेच संपली. पिलाजी गायकवाड जखमी झाले, त्यांचा एक मुलगा मारला गेला. उदाजी पवार कैद झाले.

१७३१ मध्ये सेनापती धनुष्यबाण का वापरत होता?

हा प्रश्न आज विचित्र वाटतो. बंदुका होत्या, तोफा होत्या, तरी सेनापती बाण का मारतोय? याचे उत्तर बंदुकीच्या रचनेत आहे.

'ठासणीची बंदूक' हा शब्द रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या बातम्यांमधून आजही वाचनात येतो. विनापरवाना ठासणीची बंदूक जप्त, अशा त्या बातम्या. ठासणीची म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची ती. मागची बाजू कायमची बंद. काडतूस नाही, मॅगझिन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या बहुतेक बंदुका आणि पिस्तुले अशीच होती. १८५७ च्या उठावात गाजलेली एन्फिल्डसुद्धा ठासणीचीच. काडतुसाचा कागद शिपायाला दाताने फाडावा लागे तो एवढ्यासाठीच, कारण आतली दारू आधी नळीत ओतायची असे.

डभोईच्या काळात आपल्याकडे चालत होती ती तोड्याची बंदूक. ती भरायची कशी, ते क्रमाने पाहू. आधी शिंगातून किंवा मापाने दारू नळीत ओतायची. वर शिशाची गोळी. ती घरंगळून बाहेर येऊ नये म्हणून चिंधी किंवा काथ्याचा बोळा. मग गजाने सगळे घट्ट ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला बाजूने बारीक भोक असते आणि त्याला लागून एक छोटी वाटी, तिला कान म्हणतात. त्या कानात बारीक दळलेली दारू टाकायची. ही रंजक. आता राहिली आग. ती असे जामगीवर, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या दोरीवर. ही दोरी उदबत्तीसारखी सावकाश धुमसत राहते. तिचे जळते टोक बंदुकीच्या चिमट्यात अडकवलेले असते. चाप ओढला की चिमटा खाली झुकतो, जळते टोक रंजकेला टेकते, रंजक भडकते, ज्वाळा भोकातून आत शिरते आणि मुख्य बार उडतो.

वाचायला एक मिनिट लागले असेल, तर भरायलाही साधारण तेवढाच वेळ धरा. तेवढ्या वेळात सराईत तिरंदाज सहज पाच-सहा बाण सोडत असे. शिवाय हलत्या हत्तीवर, एका हाताने धुमसती दोरी सांभाळत दारू ओतणे हे स्वतःलाच उडवून घेण्याचे काम. त्र्यंबकरावांच्या हातात धनुष्य होते, ते मागासलेपणामुळे नव्हते. अंबारीतून लढायला तेच सोयीचे होते.

यात बिघाडाच्या जागा किती, तेही पाहा. पाऊस आला की जामगी विझली. वाऱ्याने रंजक उडाली. कधी रंजक नुसतीच भडकते आणि आतला बार पेटत नाही. काळ्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा आणि उरलेला कोळसा व गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, म्हणून एवढा धूर आणि नळीत एवढी काजळी. आठ-दहा बार झाले की गोळी आत सरकत नाही, नळी धुवावी लागते.

गोळी कुणी झाडली, हे का ठरत नाही?

त्र्यंबकरावांच्या मृत्यूबद्दल दोन कथने आहेत. ग्रँट डफ सांगतो की एका शिपायाच्या तोड्याच्या बंदुकीची भरकटलेली गोळी त्यांना लागली. बाजीरावांनी त्यांना जिवंत वाचवण्याचा प्रयत्न केला होता, असेही तो लिहितो. दुसरे कथन जास्त बोचरे आहे. त्यानुसार तहाचे बोलणे चालू असताना गोळी झाडली ती भावसिंग ठोके यांनी. ठोके म्हणजे उमाबाईंचे माहेर, नात्याने ते त्र्यंबकरावांचे मामा. पहिले खरे मानले तर उमाबाईंचा मुलगा रणात पडला. दुसरे खरे मानले तर तो माहेरच्या माणसाने मारला.

आजच्या गुन्ह्यात गोळी कुठल्या पिस्तुलातून सुटली ते प्रयोगशाळा सांगू शकते. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. रिकामी पुंगळी मागे पडते, तिच्यावर पिनचा ठसा असतो. तोड्याच्या बंदुकीत यातले काहीच नाही. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळीवर खूण नाही. पुंगळीच नाही. गोळ्या घरगुती साच्यात ओतलेल्या, शेकडो एकसारख्या.

शिवाय नेम. गोळी तोंडातून आत जायला हवी म्हणून ती नळीपेक्षा थोडी लहान ठेवावी लागे. बार उडाला की ती आतल्या भिंतींवर टप्पे खात बाहेर पडे, आणि शेवटचा टप्पा ज्या बाजूला बसला त्यावर तिची दिशा ठरे. पन्नास-साठ पावलांपलीकडे एका माणसाचा नेम धरणे हे बरेचसे नशिबाचे काम. पण हत्तीवरच्या अंबारीतला सेनापती हे सगळ्या रणात सर्वांत उंच आणि सर्वांत ओळखू येणारे लक्ष्य. त्या दिशेने सुटणाऱ्या गोळ्यांपैकी एखादी लागणे अशक्य नव्हते. जवळून नेम धरून मारणेही तितकेच शक्य. यंत्र दोन्ही बाजूंनी साक्ष देते, म्हणजे कुठल्याच बाजूने देत नाही.

लागल्यावर मात्र गय नव्हती. दीड सेंटिमीटर व्यासाची शिशाची गोळी वजनाला २० ग्रॅम भरते. ती सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाली असे धरले तर तिची ऊर्जा ९०० ज्यूल होते. आजच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीची असते ५०० च्या आसपास.

तेव्हा खिशात मावणारी पिस्तुले नव्हती का?

युरोपात होती. तिथून आलेली पिस्तुले इथल्या श्रीमंत सरदारांकडेही असत. पण तोड्याच्या तंत्राने खिशातले पिस्तूल बनवता येत नाही, कारण उघड आहे. धुमसती दोरी खिशात ठेवणार कशी? त्यासाठी आग बाहेरून आणण्याऐवजी बंदुकीतच तयार व्हायला हवी होती. ते काम केले चकमकीने. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा स्प्रिंगच्या जोराने पोलादी पट्टीवर आदळतो, ठिणग्या खालच्या कानात पडतात, बाकी सगळे तेच. घोडा अर्धा ओढून अडकवून ठेवता येई, त्यामुळे भरलेले पिस्तूल जवळ बाळगणे शक्य झाले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रवासी, व्यापारी अशी वितीएवढी पिस्तुले कोटाच्या खिशात ठेवत. घोडा बाजूला न ठेवता मधोमध बसवत, म्हणजे खिशाच्या अस्तरात अडकणार नाही. काहींचा चाप घडी होऊन आत जाई.

१८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि रंजक, कान, गारगोटी सगळेच गेले. नळी मात्र ठासणीचीच राहिली. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडले गेलेले डेरिंजर पिस्तूल असेच होते. टोपीचे, ठासणीचे, मुठीत मावणारे, एका गोळीचे. दुसरी गोळी भरायला मारेकऱ्याकडे वेळ नव्हता आणि त्याला तिची गरजही पडली नाही.

(जुन्या वाड्यात असे काही सापडले तर शोभेची वस्तू समजून ठेवू नका. ठासणीच्या चालू बंदुकीलाही परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सवलत आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रांना.)

डभोईनंतर उमाबाईंनी काय केले?

दीड वर्षात नवरा आणि थोरला मुलगा गेला होता. फौज फुटली होती. उमाबाईंनी बाजीरावांविरुद्ध दाद मागितली ती थेट शाहू छत्रपतींकडे. शाहूंनी बाजीरावांना घेऊन तळेगाव गाठले आणि त्यांना उमाबाईंच्या पायावर डोके ठेवायला लावले, असे परंपरेने सांगितले जाते. उमाबाईंच्या हाती तलवार देऊन, सूड हवा तर घ्या, असे महाराजांनी सुचवले, अशीही कथा आहे. कथा कितपत खरी ते बाजूला ठेवू. तोडगा निघाला हे खरे. सेनापतिपद यशवंतरावांकडे गेले, धाकट्या बाबुरावांना सेनाखासखेल हा किताब मिळाला. माळवा पेशव्यांचा, गुजरात दाभाड्यांचा, पण गुजरातच्या वसुलातला निम्मा वाटा पेशव्यांमार्फत सरकारात भरायचा, असे ठरले.

यशवंतराव व्यसनांच्या आहारी गेले होते. नावाला सेनापती ते, कारभार आईचा. त्याची परीक्षा लगेच झाली. एप्रिल १७३२ मध्ये गुजरातचा सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंह याच्या माणसांनी डाकोरला पिलाजी गायकवाडांचा दगाफटक्याने खून केला. गुजरातमधली दाभाड्यांची बाजू कोसळायच्या बेतात होती. उमाबाई स्वतः निघाल्या. पिलाजींचे पुत्र दमाजी आणि कंठाजी कदम यांना बरोबर घेऊन १७३३ मध्ये त्या अहमदाबादवर चालून गेल्या. विधवेने फौज घेऊन मोहिमेवर जाणे ही त्या काळात ऐकिवातली गोष्ट नव्हती. अभयसिंहाला अखेर चौथाई आणि सरदेशमुखी मान्य करावी लागली, वर अहमदाबादच्या खजिन्यातून ८० हजार रुपये द्यावे लागले. या पराक्रमाबद्दल शाहूंनी सोन्याचे तोडे देऊन त्यांचा मान केला, असे तळेगावात सांगतात.

पण पेशव्यांना गुजरातचा ठरलेला निम्मा वाटा उमाबाईंनी कधी मनापासून पोचवला नाही. शाहू असेपर्यंत ते चाललेही.

दाभाड्यांची आणखी एक गोष्ट याच काळात पुण्याला गेली. खंडेराव दर श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्र्यंबकराव पडल्यावर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात सुरू ठेवली आणि वाढवली. पुढे इंग्रजांनी याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजची मुळे तिथपर्यंत जातात.

शेवटचा डाव कुठे फसला?

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि उमाबाईंचा आधार तुटला. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांनी गुजरातचा थकलेला वाटा मागितला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीला जाऊन नानासाहेबांना स्वतः भेटल्या. १७३१ चा करार आमच्यावर लादलेला होता, तो आम्हाला बांधील नाही, अशी त्यांची भूमिका होती. इंद्रायणी इंदुरीवरून देहू आणि तिथून आळंदीला जाते. स्वतःच्या गढीखालून वाहणाऱ्या नदीच्या काठी, उतारवयात, मुलाविरुद्ध लढलेल्या पेशव्याच्या मुलासमोर त्या बसल्या होत्या. नानासाहेब बधले नाहीत.

त्याच दिवसांत साताऱ्यात ताराबाईंनी रामराजांना कैदेत टाकून पेशव्यांविरुद्ध उठाव केला. उमाबाईंनी ताराबाईंची बाजू घेतली आणि दमाजी गायकवाडांना सुमारे १५ हजार फौजेनिशी गुजरातमधून बोलावले. दमाजी सुरुवातीला जिंकत आले. मात्र साताऱ्याजवळ वेण्णेच्या काठी त्यांची कोंडी झाली आणि एप्रिल १७५१ च्या अखेरीस नानासाहेबांनी अचानक हल्ला करून त्यांना पकडले. पाठोपाठ दाभाडे कुटुंबही कैदेत पडले. वृद्ध उमाबाईंना पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. जहागिरी गेली, हक्क गेले.

दमाजींनी मात्र १७५२ मध्ये निम्मा गुजरात पेशव्यांना देण्याचे कबूल करून सुटका करून घेतली. उरलेल्या निम्म्यावर त्यांनी आपले राज्य उभे केले. दाभाड्यांच्या हाताखालचे गायकवाड अशा रीतीने बडोद्याचे महाराज झाले आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राहिले. या सौद्यात दाभाड्यांसाठी कुणी काही मागितले नाही.

उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात वारल्या. यशवंतराव पुढच्याच वर्षी गेले. उमाबाईंची समाधी तळेगाव दाभाडे येथे बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. इंदुरीची गढी तिथून चार-पाच किलोमीटरवर.